एक पॅरामीटर फाइल, शंभर जॉब: पॉवरसेंटरवर नव्याने आलेल्यांसाठी

पॉवरसेंटर म्हणजे एकीकडचा डेटा उचलून, हवा तसा बदलून दुसरीकडे भरणारं इन्फॉर्मॅटिकाचं सॉफ्टवेअर, आणि पॅरामीटर फाइल म्हणजे त्यातल्या जॉबना लागणाऱ्या तारखा, नावं अशा किमतींची फाइल. पॉवरसेंटरच्या टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात मिळणारं काम जवळजवळ ठरलेलं असतं. "पॅरामीटर फाइलमध्ये एवढी एक ओळ बदलून दे रे." दोन मिनिटांचं काम. मलाही तेच मिळालं होतं. एका सेशनचा (म्हणजे डेटा हलवणाऱ्या एका कामाचा) जुना डेटा पुन्हा लोड करायचा होता. मी सामायिक फाइलमधली तारीख पाच दिवस मागे नेली, सेशन चालवलं, आकडे जुळले आणि सहाची बस पकडली. तारीख परत पुढे आणायची राहून गेली. रात्री त्याच फाइलवर चालणारे शंभरावर जॉब पाच दिवसांपूर्वीचा डेटा उचलून बसले. एकही पडला नाही, मॉनिटरवर सगळं हिरवंगार. सकाळी रिपोर्ट उघडणाऱ्यांनी ओरड सुरू केली तेव्हा कळलं, आणि पुढचे दोन दिवस टेबलांमधून दुबार ओळी काढण्यात गेले. सिनिअर एवढंच म्हणाली, "अरे, ग्लोबलला हात लावायच्या आधी त्याच्याखाली कोण कोण बसलंय ते बघायचं ना."

ग्लोबल म्हणजे फाइलमधला सगळ्या जॉबना लागू होणारा भाग. पुढचं सगळं तिच्या त्या एका वाक्याचाच पसारा आहे. उदाहरणं इन्फॉर्मॅटिका पॉवरसेंटरची घेतली आहेत, कारण मी दिवसभर त्याच्याशीच झुंजत असतो. फाइलमधली नावं आणि खुणेचे शब्द प्रत्यक्षात रोमन अक्षरांत असतात. इथे ती देवनागरीत लिहिली आहेत, तेवढं मनात बदलून घ्या.

पहिली पायरी: फाइल वाचायला शिका

ही साधी टेक्स्ट फाइल असते. चौकोनी कंसात मथळा, त्याखाली नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. बस्स.

[ग्लोबल]
$$रन_डेट=20240304
$डीबीकनेक्शन_सोर्स=ओआरए_कोअर

[विक्री.डब्ल्यूएफ:डब्ल्यूएफ_रोजची_विक्री]
$$शाखा_गट=पश्चिम

[विक्री.डब्ल्यूएफ:डब्ल्यूएफ_रोजची_विक्री.एसटी:एस_एम_ग्राहक]
$$शाखा_गट=सर्व

मथळा म्हणजे त्या ओळींची हद्द. ग्लोबलखाली लिहिलेलं सगळ्यांना लागू. दुसऱ्या मथळ्यात आधी फोल्डरचं नाव, मग वर्कफ्लोचं (म्हणजे एकत्र चालणाऱ्या सेशनांच्या गटाचं). ते फक्त त्या वर्कफ्लोला आणि त्याच्या आतल्या सेशनांना लागू. तिसरा मथळा एकाच सेशनपुरता. एकच नाव दोन ठिकाणी आलं तर छोट्या हद्दीचं चालतं. वरच्या उदाहरणात ग्राहकांच्या सेशनला 'सर्व' मिळेल आणि त्याच वर्कफ्लोतल्या बाकीच्यांना 'पश्चिम'. घरात आजोबांचा शब्द शेवटचा असला तरी धाकट्या सुनेच्या स्वयंपाकघरात तिचंच चालतं, तसंच हे.

नावाच्या सुरुवातीच्या डॉलरकडेही लक्ष द्या. दोन डॉलर असतील तर ते मॅपिंगचं (म्हणजे कोणता डेटा कुठून कुठे, कसा जातो त्या आराखड्याचं) पॅरामीटर किंवा व्हेरिएबल, किंवा वर्कफ्लोचं व्हेरिएबल. एक डॉलर असेल तर सेशनचं: $डीबीकनेक्शन, $इनपुटफाइल, $आउटपुटफाइल, $बॅडफाइल, $पॅराम अशा ठरलेल्या उपसर्गांनी सुरू होणारं. $पीएम ने सुरू होणारी नावं बहुतेक सर्व्हिसची, म्हणजे जॉब चालवणाऱ्या यंत्रणेची, उदाहरणार्थ $पीएमरूटडिर (तिची मूळ डिरेक्टरी).

फरक फक्त लिहिण्याचा नाही. फाइलमध्ये कनेक्शनची ओळ सापडली नाही तर सेशन बहुधा तिथेच पडतं आणि तुम्हाला कळतं. दोन डॉलरवालं मॅपिंग पॅरामीटर सापडलं नाही, तर मॅपिंगमध्ये कधीकाळी कुणीतरी लिहून ठेवलेली सुरुवातीची किंमत उचलली जाते आणि जॉब निवांत पुढे जातो. नावात एक अक्षर चुकलं तरी हेच होतं. मथळ्यात फोल्डरचं किंवा सेशनचं नाव लिहिताना लहान-मोठी अक्षरं हुबेहूब तशीच हवीत, नाहीतर तो अख्खा विभाग त्या सेशनच्या दृष्टीने नसल्यात जमा.

दुसरी पायरी: मोजदाद

हातात आलेल्या फाइलवर लगेच सफाई सुरू करू नका. आधी कोण काय वापरतं ते काढा. रिपॉझिटरी मॅनेजरमधून किंवा पीएमरेप ही कमांड वापरून वर्कफ्लोंचं एक्सएमएल एक्सपोर्ट घ्या आणि त्यात ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारा. मॅपिंगव्हेरिएबल नावाच्या टॅगखाली मॅपिंगमधलं प्रत्येक दोन-डॉलरवालं नाव सापडतं; तिथेच ते पॅरामीटर आहे की व्हेरिएबल हेही लिहिलेलं असतं. 'पॅरामीटर फाइलनेम' हे ॲट्रिब्यूट शोधलंत की कोणतं सेशन कोणती फाइल वाचतं ते कळतं. या शोधात एखादी फाइल हमखास अशी निघते की जिचा पत्ता कुणालाच नसतो आणि जी अजून रोज रात्री वाचली जाते.

एका एक्सेल शीटमध्ये चार रकाने करा: नाव, कोणते जॉब वापरतात, कधी बदलतं, कोण ठरवतं. पहिले दोन रकाने ग्रेप भरून देईल. उरलेले दोन भरायला माणसांना गाठावं लागतं आणि खरी मेहनत तिथेच आहे. "हे कोण ठरवतं?" या प्रश्नाला तीन टीमांकडून तीन उत्तरं आली, तर ती ओळ आजच धोक्याची आहे असं समजा.

तिसरी पायरी: कोणती ओळ सामायिक, कोणती नाही

इथे बहुतेक जण घसरतात, म्हणून जरा थांबतो.

दोन जॉबांत किंमत सारखी दिसली की ती वर ग्लोबलमध्ये नेण्याचा मोह होतो. फाइल छोटी होते, बरं वाटतं. पण आज आकडा सारखा आहे एवढ्यावर ओळ सामायिक ठरत नाही. प्रश्न असा विचारायचा: उद्या हा आकडा बदलला तर या सगळ्यांचा एकाच दिवशी, एकाच कारणाने बदलेल का?

समजा एका विमा कंपनीच्या फाइलमध्ये ग्लोबलखाली ओळ आहे: $$जीएसटी_दर=18. वैयक्तिक मुदतीच्या (टर्म) आयुर्विम्याच्या हप्त्याचा जॉब ती वाचतो, खासगी गाड्यांच्या वाहन विम्याचाही वाचतो. वर्षानुवर्षं काही अडत नाही, कारण दोन्हीकडे 18 टक्केच. मग 22 सप्टेंबर 2025 उजाडतो. त्या दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. खासगी गाड्यांच्या विम्यावरचा तसाच राहिला. आता त्या एका ओळीचं काय करणार? शून्य केलं तर वाहन विम्याचे आकडे चुकतात, 18 ठेवलं तर आयुर्विम्याचे. आदल्या रात्री बसून ओळ फोडायची, मॅपिंगची नावं बदलायची, पुन्हा तपासायचं. त्या दोन किमती सारख्या होत्या तो योगायोग होता. कायदा दोघींना वेगवेगळा हलवू शकत होता, हे पहिल्या दिवसापासून खरं होतं.

रन डेट मात्र खरीखुरी सामायिक आहे. रात्रीच्या बॅचमध्ये सगळे जॉब एकाच कामकाजाच्या दिवसासाठी धावतात आणि दिवस बदलला की सगळ्यांचा एकदम बदलतो. कनेक्शनचं नावही तसंच: डेव्हमधून (विकासाच्या सर्व्हरवरून) प्रॉडला (खऱ्या कामाच्या सर्व्हरवर) गेलात की सगळ्यांचं बदलतं. जॉब पडल्यावर मेल कुणाला जावी ते $पीएमफेल्युअरईमेलयूजर बहुतेक ठिकाणी टीमपरत्वे वेगळं असतं, म्हणजे ते वर्कफ्लोच्या मथळ्याखाली.

माझं मत विचाराल तर ग्लोबलखाली दहापेक्षा जास्त ओळी दिसल्या की मला शंका यायला लागते. पुनरुक्ती झाली तरी चालेल, पण हद्द छोटी ठेवा. सामायिक सातबाऱ्यावर सतरा नावं असली की एक झाड तोडायलाही सतरा सह्या लागतात. पॅरामीटर फाइलची गंमत अशी की तिथे सही एकही लागत नाही आणि झाड मात्र सगळ्यांचं पडतं.

चौथी पायरी: फाइल कुठे जोडायची

फाइलचं नाव तीन ठिकाणी देता येतं: सेशनच्या प्रॉपर्टीत, वर्कफ्लोच्या प्रॉपर्टीत, किंवा पीएमसीएमडीने (पॉवरसेंटरच्या कमांडने) वर्कफ्लो सुरू करताना कमांडवर. कमांडवर दिलेली फाइल प्रॉपर्टीतल्या फाइलवर मात करते. वर्कफ्लोला आणि सेशनला दोन्हीकडे फाइल दिली असेल, तर वर्कफ्लोची वाचली जाते आणि सेशनची बाजूला पडते. नव्या लोकांचे तास इथे जातात: सेशनची फाइल बदलतायत, पुन्हा पुन्हा चालवतायत, आणि ढिम्म काही हलत नाही. दोन्ही वाचायला हव्या असतील तर वर्कफ्लोच्या फाइलमध्ये $पीएममर्जसेसपॅरामफाइल=ट्रू अशी ओळ लागते. मी स्वतः ती सहसा वापरत नाही. फाइल वर्कफ्लोलाच जोडायची, सेशनचा रकाना रिकामा ठेवायचा. शोधायला एकच जागा उरते.

शेड्युलरमधून (ठरल्या वेळी जॉब सुरू करणाऱ्या साधनातून) पीएमसीएमडी चालवत असाल तर एक बारीक गोष्ट. -पॅरामफाइल पुढे मार्ग देताना $पीएमरूटडिर वापरलंत, तर युनिक्सवर तो एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर शेल त्या डॉलरला आपलंच व्हेरिएबल समजतं, त्या जागी रिकामं टाकतं आणि पॉवरसेंटरकडे अर्धवट मार्ग पोचतो.

पाचवी पायरी: लिहिताना

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. ती जागा नावाचा किंवा किमतीचा भाग धरली जाते. ओळीच्या शेवटी राहिलेली एक स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण 'पश्चिम' आणि 'पश्चिम' अधिक स्पेस हे डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे शब्द ठरू शकतात. विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये बदलून लिनक्सवर टाकलेली फाइल आधी डॉस-टू-युनिक्समधून (ओळींच्या शेवटी राहिलेल्या विंडोजच्या खुणा काढणाऱ्या साधनातून) काढा. किमतीला अवतरण चिन्हं लावू नका. ती लागतात तिथे, म्हणजे सोर्स क्वालिफायरच्या (मॅपिंगमधल्या, मूळ डेटा वाचणाऱ्या भागाच्या) क्वेरीत, $$ च्या नावाभोवती द्या, कारण क्वेरी डेटाबेसकडे जाण्यापूर्वी त्या नावाच्या जागी किंमत जशीच्या तशी बसवली जाते. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिला की ती टिप्पणी होते. ही सोय मनसोक्त वापरा: प्रत्येक सामायिक ओळीच्या वर ती कोणाची आणि कधी बदलते एवढं लिहा.

पासवर्ड फाइलमध्ये लिहायचा नाही. कनेक्शन वर्कफ्लो मॅनेजरमध्ये तयार करायचं, पासवर्ड तिथे राहतो, फाइलमध्ये फक्त कनेक्शनचं नाव येतं.

आता तारखा. पॅरामीटर तारखेच्या प्रकाराचं असेल तर पॉवरसेंटरला फाइलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर लागतो. आपल्या हाताला सवय दिवस आधी लिहायची. 4 मार्च 2024 म्हणून तुम्ही 04/03/2024 लिहिलंत की ते 3 एप्रिल होतं. महिन्याच्या 13 तारखेपासून पुढे ही चूक उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. 1 ते 12 या तारखांना मात्र ती गुपचूप चालून जाते. आमच्याकडे एक जॉब होता, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात 'कधी कधी' चुकतो म्हणून बदनाम. कधी कधी नव्हे, बारा दिवसांपैकी अकरा दिवस चुकायचा. दिवस आणि महिना एकच असेल त्या एका तारखेला तेवढा बरोबर यायचा.

म्हणून मी वर रन डेट 20240304 अशी लिहिली आहे: पॅरामीटर स्ट्रिंग प्रकाराचं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि क्वेरीत डेटाबेसच्या टू-डेट फंक्शनला फॉरमॅट स्पष्ट सांगून तारीख बनवायची. याचा आणखी एक फायदा आहे. मॅपिंगमध्ये त्या पॅरामीटरची सुरुवातीची किंमत 'भरलेलं_नाही' अशी काहीतरी ठेवा. फाइलमधली ओळ सापडली नाही तर तेच शब्द क्वेरीत जातात, डेटाबेस चिडतो, सेशन पडतं. आपल्याला तेच हवं आहे. हे सोर्स क्वालिफायरच्या क्वेरीत करा. एक्स्प्रेशन ट्रान्सफॉर्मेशनमध्ये (मॅपिंगमधल्या, एकेका ओळीवर हिशेब करणाऱ्या भागात) केलंत तर ओळी एकेक करून नाकारल्या जातील आणि एरर किती झाल्या की थांबायचं ते ठरवलेलं नसेल, तर सेशन शून्य ओळी टाकून हिरवं होईल.

व्हेरिएबलचा सापळा

याला वेगळा मथळा देतोय, कारण हा पहिल्यांदा भेटतो तेव्हा काही केल्या उलगडत नाही.

मॅपिंग पॅरामीटर अख्ख्या रनमध्ये बदलत नाही. मॅपिंग व्हेरिएबल बदलतं, आणि सेशन यशस्वी झालं की त्याची शेवटची किंमत रिपॉझिटरीत (पॉवरसेंटरच्या स्वतःच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये) जपली जाते. 'मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो' हे लक्षात ठेवायला ते वापरतात: आज ज्या वेळेपर्यंतच्या नोंदी उचलल्या, उद्या तिथून पुढे. पुढच्या रनला किंमत शोधताना आधी पॅरामीटर फाइल बघितली जाते, रिपॉझिटरीतली जपलेली किंमत त्यानंतर. कुणीतरी एकदा, पहिल्या लोडसाठी, फाइलमध्ये त्या व्हेरिएबलची ओळ टाकतो आणि काढायला विसरतो. मग रोज रात्री जॉब त्याच जुन्या वेळेपासून सुरू करतो. रिपॉझिटरीत नवी किंमत रोज जपली जाते, पण तिच्याकडे बघतं कोण? लक्षण ठरलेलं: जॉबला रोज थोडा थोडा जास्त वेळ लागत जातो. मोजदादीच्या शीटमध्ये ज्यांच्यापुढे 'व्हेरिएबल' लिहिलंय त्यातलं एकही नाव सामायिक फाइलमध्ये सापडलं, तर आधी त्याची चौकशी करा.

सहावी पायरी: हाताने बदलणं थांबवा

जॉब वीसपर्यंत असतील तर एक फाइल आणि गिट (फाइलमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) पुरे. प्रत्येक बदल कमिट करायचा, दुसऱ्याने डिफ (नेमकं काय बदललं ते) बघायचा, मगच सर्व्हरवर जायचं. सर्व्हरवर थेट व्हीआय एडिटर उघडून केलेला बदल कितीही घाईचा असला तरी तो उद्या कुणालातरी छळणार.

जॉब वाढले की किमती डेटाबेसच्या एका टेबलात ठेवणं सोपं पडतं: फोल्डर, वर्कफ्लो, सेशन, नाव, किंमत, मालक, कधीपासून लागू. एक छोटी स्क्रिप्ट त्या टेबलावरून फाइल लिहिते. शेल, पायथॉन, टीमला जे येतं ते. दोन पथ्यं पाळा. स्क्रिप्ट वर्कफ्लोच्या आतून न चालवता शेड्युलरमध्ये त्याच्या आधीची पायरी म्हणून चालवा, म्हणजे वर्कफ्लो सुरू होताना फाइल तयार असेल. आणि थेट मूळ फाइलवर लिहू नका. त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मग एमव्ही कमांडने नाव बदला. एकाच फाइल सिस्टिमवर हे नाव बदलणं एका झटक्यात होतं. कुठल्याही जॉबला अर्धी लिहिलेली फाइल दिसत नाही.

'कधीपासून लागू' हा रकाना सुरुवातीला उगाच वाटतो. वरच्या जीएसटीच्या रात्रीचा विचार करा. नवा दर आठवडाभर आधी टाकून, तपासून, आपण झोपायला मोकळे.

सातवी पायरी: लॉग बघा, पुन्हा चालवायचं तर प्रत करा

बदल केल्यावर सेशनचा लॉग उघडा. सुरुवातीलाच प्रत्येक पॅरामीटरपुढे 'युज ओव्हरराइड व्हॅल्यू' किंवा 'युज डिफॉल्ट व्हॅल्यू' असं लिहून येतं, आणि चौकोनी कंसात किंमत. ओव्हरराइड म्हणजे फाइलमधून आली. डिफॉल्ट दिसलं तर तुमची ओळ वाचलीच गेली नाही: नाव चुकलंय, मथळा चुकलाय किंवा फाइलच दुसरी आहे. कंसातली किंमत अक्षर न् अक्षर वाचा. शेवटी राहिलेली स्पेस तिथे कंसाच्या अलीकडे दिसते. सकाळी सगळ्या लॉगांवर 'युज डिफॉल्ट व्हॅल्यू'साठी एक ग्रेप लावून ठेवलात तर बऱ्याच भानगडी रिपोर्टवाल्यांच्या आधी तुम्हाला कळतील.

आणि माझ्या त्या पहिल्या आठवड्यातल्या कामाबद्दल. जुन्या तारखेसाठी जॉब पुन्हा चालवायचा असेल तर सामायिक फाइलला हात लावायचाच नाही. तिची प्रत काढा, नावात तिकिटाचा नंबर घाला, प्रतीत तारीख बदला आणि पीएमसीएमडीला -पॅरामफाइल देऊन तेवढा एक रन त्या प्रतीवर चालवा. काम झाल्यावर प्रत पुसायला विसरलात तरी रात्रीच्या बॅचला तिचा पत्ताच नसतो.

क्लाउडवर जाणाऱ्यांसाठी

पॉवरसेंटर 10.5 चा नेहमीचा सपोर्ट 31 मार्च 2026 पर्यंतच ठरवलेला असल्याने बऱ्याच टीमा इन्फॉर्मॅटिकाच्या क्लाउडकडे सरकल्या आहेत किंवा सरकतायत. पॅरामीटर फाइल तिथेही आहे, ग्लोबल विभागही आहे, पण जुनी फाइल उचलून ठेवली की झालं असं होत नाही. विभाग वापरायचे असतील तर फाइलच्या पहिल्याच ओळीत #यूज_सेक्शन्स लिहावं लागतं. ते नसेल तर तुमचे छोट्या हद्दीचे मथळे विचारात घेतले जात नाहीत. मथळ्याची बांधणीही वेगळी: प्रोजेक्ट, फोल्डर, टास्कफ्लो, टास्क, प्रत्येकाला स्वतःचा चौकोनी कंस आणि मध्ये टिंब. टेबलावरून फाइल बनवणारी स्क्रिप्ट तुमच्याकडे असेल तर मथळा छापणारी तेवढी ओळ बदला, पहिली ओळ जोडा, आणि एका छोट्या फोल्डरवर चालवून लॉगमधल्या किमती जुन्या लॉगशी ताडून बघा.